मोहबोडीचं पाणी

वैशाखाची दग्ध दुपार. पर्णहीन, पांडुर, तृषार्त रान. पळसाचा जाळ केव्हाच विझला होता, मोहाची फुलं वेचून झाली होती, आणि तेंदूच्या तांबूस पालवीवर ऊन असं साचलं होतं की डोळे मिटले तरी ते दिसावं. वारा नव्हता, सावली नव्हती. होती फक्त झळ, आणि झळेच्या पलीकडे पुन्हा झळ.

त्या रानापासून कोसभर अलीकडे, कवेलूंच्या छपराच्या घरात, दसरू नन्नावरे खाटेवर पडला होता, आणि सगळं रान त्याच्या डाव्या तळहातावर मावलं होतं.

चाळीस वर्षं वनरक्षक म्हणून तो या रानात हिंडला. निवृत्त झाला, आणि पुढच्याच भाद्रपदात वारं गेलं अंगावरून. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मग नागपूरच्या लेकीने घरातल्या एकुलत्या एक फोनवर त्याला मोहबोडी लावून दिली. बोडी म्हणजे लहानसं तळं. ऐन उमेदीत चार मजूर घेऊन दसरूने ती स्वतः खणली होती. आता तिथल्या मोहाच्या खोडावर कॅमेरा बसवला होता, आणि तो दिवसभर, जगात कुणालाही, बोडी जशी आहे तशी दाखवत राही. लोक दूरदूरच्या शहरांतून वाघ पाहायला तिथे डोकावत. दसरू पाणी पाहायचा.

आणि पाणी आटत होतं.

काल वावटळ आली होती. धूसर, धुळकट, भिरभिरती वावटळ. बोडीत पाणी सोडणारा पंप उन्हावर चालायचा. त्याच्या सौर पॅनेलच्या काचेवर धुळीचा जाड थर बसला, आणि नळीतली धार बारीक झाली, मग थेंब झाली, मग तुटली. उन्हावर चालणारा पंप भर उन्हात बंद पडला होता! गिरजाने, त्याच्या बायकोने, वनखात्यात फोन लावून विचारलं होतं. सगळे गडी पल्याडच्या डोंगरावर वणवा विझवत होते. उद्या संध्याकाळपर्यंत कुणी येणं शक्य नव्हतं.

उद्या संध्याकाळपर्यंत कानफाटी थांबणार नव्हती. फाटक्या कानाची ती वाघीण, पायाशी दोन बछडी, अंगात उन्हाची आग. बोडी कोरडी दिसली की ती गावच्या तळ्यावर येणार, जिथे बाया धुणं धुतात आणि पोरं डुंबतात. मग गावातल्या कुणाचा तरी जीव जाणार, आणि त्यानंतर तिचाही. दसरूने हे एकदा पाहिलं होतं. पुन्हा पाहायची त्याची छाती नव्हती.

त्याची डावी टाच खाटेच्या सुंभावर घासत होती, घासत होती, घासत होती.

"काहून जी, सकाळपासून घास नाही का घोट नाही!" गिरजा चुलीपासून उठून आली. "का दिसते त्याच्यात एवढं?"

त्याने फोन तिच्यापुढे धरला. नजरेने पडद्यावरच्या पंपाच्या मळक्या काचेकडे खुणावलं, आणि अंगठा हवेत पुसल्यासारखा फिरवला. पुन्हा फिरवला.

गिरजाने इतक्या महिन्यांत त्या पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ते रान तिची सवत होतं, आणि हे ती चारचौघांत बोलून दाखवायची. लेक जन्मली तेव्हा नवरा रानात, बाप वारला तेव्हा नवरा रानात. आणि आता देह घरी आला, तर डोळे रानात. आज तिने पाहिलं. काच पाहिली, भेगाळलेला काठ पाहिला, मग नवऱ्याचे ओले डोळे पाहिले. पदर खोचला.

"पडून राहा चुपचाप. माह्या सवतीले पानी पाजून येतो."

तो हात उचलेपर्यंत ती अंगण ओलांडून गेली होती.

अर्धा तास गेला. पडद्यावर बांबू हलला, आणि उन्हाचाच एक तुकडा सुटून यावा तशी कानफाटी आली. एकटीच. चिखल हुंगला, चिखल चाटला, आणि जांभळीच्या मागे जाऊन बसली. दिसत होतं फक्त शेपटीचं टोक. उठत होतं, पडत होतं.

आणि उजव्या कोपऱ्यातून गिरजा आली.

दसरूच्या घशातून नुसता आवाज निघाला. फोन करावा तर फोन त्याच्याच हातात. हाक मारावी तर जीभ लाकडाची, आणि मध्ये कोसभर रान. जगातले कितीतरी डोळे त्या क्षणी ते पाहत असतील; त्यांतल्या एकालाही तिला सावध करता येत नव्हतं.

ती दगडावर चढली. देव्हारा पुसावा तशी तिने पदराने ती काच पुसली, कोपऱ्यांसकट, सावकाश. नळी खोकली. एक गचका, दोन गचके, आणि लखलखती, शुभ्र, खळाळती धार तिच्या पावलांवर कोसळली. तिने पदर त्या धारेत बुडवला, तोंडावरून फिरवला, आणि हसली. दसरूने तिला असं हसताना कधी पाहिलं होतं? त्याला आठवेना.

जांभळीमागचं टोक थांबलं. वाघीण उभी राहिली.

गिरजानेही पाहिलं. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात, मोहफुलं वेचताना, त्याने तिला शिकवलं होतं: पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. ती पळाली नाही. तोंड वाघिणीकडे, आणि एक पाऊल मागे. आणखी एक मागे. आणखी एक. दसरूच्या डाव्या तळहातावर ती पावलापावलाने कडेकडे सरकत होती.

मग ती पडद्याच्या कडेतून निघून गेली.

कानफाटी पुढे आली, पाण्याशी बसली आणि पिऊ लागली. बांबूतून बछडीही धावत आली. पिवळ्या, काळ्या, सोनेरी तृप्तीचा तो सोहळा चालला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा दसरूने वाघिणीकडे पाहिलं नाही.

तो पाहत होता काठावरचा सपाट दगड. तिथे गिरजाची ओली पावलं उमटली होती, बोडीकडे तोंड करून दूर दूर जाणारी. ऊन ती एकेक पीत गेलं. शेवटचंही वाळलं. तरी तो त्या कोरड्या दगडाकडेच पाहत राहिला, पाहत राहिला, अंगणात बांगड्या वाजेपर्यंत.