नारिंगी त्रिकोणाचे विमान

मित्रांनो, हॉलंडमधल्या एका तळ्याच्या गाळात रुतलेले मी एक जुने लढाऊ विमान आहे. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, लाकडी पंख आणि उडतानाही पोटात न मिटणारी चाके, असा माझा घाट. मला मुळात आमच्या देशाच्या ताब्यातल्या दूरच्या जावा बेटासाठी आखले होते. जे मिटत नाही ते बिघडतही नाही, असा आखणाऱ्यांचा युक्तिवाद. तो खोटा नव्हता. परंतु त्या लोंबत्या चाकांनीच माझा वेग खाल्ला, हेही तितकेच खरे.

शेजारी युद्ध पेटले, तेव्हा आमचा देश तटस्थ राहिला. त्याची खूण म्हणून माझ्या पंखांवर नारिंगी त्रिकोण रंगवला गेला. परके विमान हद्दीत शिरले की त्याच्याजवळ जाऊन आधी पंख हलवायचे, म्हणजे ‘खाली उतरा’ ही सूचना, गोळी त्यानंतर. माझा वैमानिक सार्जंट एव्हर्ट ही रीत निष्ठेने पाळी. यंत्रज्ञ खेरलॉफ त्याला चिडवी.

“तो बंदूक घेऊन घरात घुसतोय, आणि तू त्याला पायपुसणं दाखवतोयस!”

“अरे, वाट चुकला असला तर?”

“रोज एकच वाट चुकतात होय रे?”

एव्हर्ट हसे. मला हसू येत नसे. त्याच्या हातांत मुरत चाललेली सवय मला जाणवत होती.

मे महिन्यातल्या एका पहाटे जर्मन विमाने युद्ध न पुकारताच आली. एव्हर्टचे पट्टे आवळताना खेरलॉफ म्हणाला, “आज रामराम नाही हं. आधी मार.”

“कळलं रे, म्हाताऱ्या.”

“परत येऊन सांग, कळलं म्हणून.”

धुके भेदून आम्ही एका बॉम्बफेकी विमानाच्या मागे पोहोचलो. नेम अचूक साधला होता. आणि माझे पंख डावीकडे झुकले, मग उजवीकडे.

“अरे देवा, मी हे काय...” एव्हर्ट एवढेच बोलला. समोरच्या बंदुकीने रीत पाळली नाही. कापड पेटले, पाणी वर आले.

कोणी म्हणेल, सौजन्याने घात केला. मला हे मान्य नाही. वाट चुकलेल्याला दाखवायचे सौजन्य ज्यांनी चाल करून येणाऱ्यालाही दाखवायला शिकवले, त्यांनी घात केला.

खेरलॉफ पुष्कळ दिवस काठावर येऊन उभा राहत असे. आता कोणी येत नाही. मित्रांनो, कधी मला बाहेर काढायला आलात, तर गाळ हळू उपसा. मी रिकामे नाही.