सर्व्हरची रजा

"सर्व्हर सांभाळायला शिका, नाहीतर लांबच्या गोदामात बदली," असं साहेबांनी टायपिस्टबाईंना सांगितलं. बाईंना बदली परवडणारी नव्हती. घरी अप्पा अंथरुणाला खिळलेले. ते लेकीच्याच हातून जेवायचे, दुसऱ्या कुणी घास पुढे केला की तोंड घट्ट मिटून घ्यायचे.

शिकवायला होते निवृत्तीला टेकलेले तंत्रज्ञ, स्वभावाने तिरसट. "यावर लिनक्स नावाची प्रणाली आहे. फुकट, आणि सगळ्यांची," ते म्हणाले.

"सगळ्यांची?" साहेब दचकले आणि त्यांनी सर्व्हरच्या कपाटाला कुलूपच ठोकलं.

"ठोकू दे. आपल्याला टेबलावरच्या कॉम्प्युटरवरूनही सर्व्हरच्या आत जाता येतं," तंत्रज्ञ पुटपुटले.

बाई हुशार. कुणाला कोणती फाइल नुसती वाचू द्यायची, कुणाला बदलू द्यायची, सगळं पटापट शिकल्या. मग आली फायरवॉल, म्हणजे सर्व्हरची दारं-खिडक्या. बाई घरातून निघताना प्रत्येक कडी दोनदा ओढून बघणाऱ्या. त्यांनी झाडून सगळी दारं बंद केली, ज्या दाराने स्वतः आत गेल्या होत्या तेसुद्धा! अख्ख्या ऑफिसच्या कॉम्प्युटरचे पडदे थिजले.

"आधी आपलं दार उघडं ठेवायचं असतं हो," तंत्रज्ञांनी कपाळावर हात मारला. "आता कपाट उघडून कीबोर्ड तिथेच जोडा. दोन मिनिटांचं काम."

किल्ली साहेबांकडे. साहेबांनी भलतंच विचारलं. "इतक्या वर्षांत या सर्व्हरने एकदाही रजा घेतली नाही?"

"नाही, पण..." तंत्रज्ञ म्हणाले.

साहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी तिथल्या तिथे रजा मंजूर केली. "रजेवरच्याला कामाला जुंपायचं नाही, हा आपला नियम. आज त्याच्या जागी तुम्ही बसा. त्याचं काम शिकलात ना?"

बाई कपाटाला खेटून खुर्चीत बसल्या. सर्व्हर बंद, म्हणून शेजारच्या मांडणीवरच्या जुन्या कागदी फायली मागायला रांग लागली. बाई प्रत्येकाला पासवर्ड विचारायच्या. तो खरा की खोटा हे त्यांना कुठे ठाऊक? पण चेहरा वाचता यायचा. जो चाचरला, तो परत. रोखपालाने कानात पासवर्ड म्हणून सासूला दिलेली शिवी सांगितली, तीही इतकी मनापासून, की बाईंनी त्याला लगेच फाइल दिली.

शेवटी साहेब आले. आधी बायकोचं नाव सांगितलं, मग कुत्र्याचं, मग घाम पुसत स्वतःचं.

"तीनदा चुकलात, तुमचं खातं बंद," बाई म्हणाल्या.

"अहो, मी साहेब आहे!"

"सर्व्हरला साहेब कळत नाही."

साहेबांनी खिशातून किल्ली काढली. बाईंनी कीबोर्ड जोडला, आधी आपलं दार उघडलं, मग बाकीच्यांची. पडदे जागे झाले. टाळ्याही पडल्या, पण साहेबांचा अपमान काही उतरेना.

"हा सर्व्हर माझ्या डोळ्यांसमोर नको. गोदामात पाठवा! आणि बाई, त्याला सांभाळायला तुम्ही..."

बाईंनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "खुशाल पाठवा त्याला, साहेब. मी कुठूनही सांभाळीन. मला नाही जमलं तर मलाही पाठवा."

साहेबांनी तंत्रज्ञांकडे पाहिलं. तंत्रज्ञांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाची तरी बाजू घेत मान डोलावली.

संध्याकाळी बाई एका हाताने अप्पांना भरवत होत्या आणि दुसऱ्या हाताने मांडीवरच्या लॅपटॉपवर आपलं दार उघडं आहे ना ते बघत होत्या.

"कोण आहे गं त्यात?" अप्पांनी विचारलं.

"माझ्याऐवजी गेलाय तो, अप्पा," बाई म्हणाल्या. "आ करा."