सीडी न्यायला येणारा

दार वाजवायची रीत त्या काचवाल्याला कुणी शिकवलीच नसावी. नखानं खरवडल्यासारखं काहीतरी करायचा, ते आत कुणाला ऐकू जायचं नाही, आणि मग तसाच खांबासारखा बाहेर उभा राहायचा. आई केर टाकायला दार उघडायची आणि समोर हा. बेल काय शोभेला लावलीय का, असं विचारलं की मान खाली घालून हसायचा. चहा पुढे केला की "कशाला, काकू" म्हणायचा आणि कप मात्र तळ दिसेपर्यंत रिकामा करायचा. दोन-दोन तास बसून उठला, तर काय बोलून गेला ते सांगता येऊ नये. हातात गेमच्या सीडीची एक डबी घेऊन यायचा, जाताना फळीवरची दुसरी घेऊन जायचा. तिच्या मुलाचा सुट्टीचा दिवस आला की हे ठरलेलं.

त्या दिवशीही तो असाच उभा होता. दाराखालून त्याच्या पायांची सावली दिसत होती, आणि आईला दार उघडावंसं वाटत नव्हतं. कारण फळीवर आता एकही डबी नव्हती. तिनंच सगळ्या उचलून देऊन टाकल्या होत्या.

आईनं जन्मभर इस्त्रीचं दुकान चालवलं. शाळा दुसरीत सुटली, सहीपुरतं लिहिता यायचं, पण तोंड असं की गिऱ्हाईक उधारीचा विचार मनात आणायच्या आधीच परत जायचं. नवरा लवकर गेला. मुलीला शिकवलं, ती औषधांच्या दुकानात लागली, लग्न होऊन शेजारच्या गल्लीत गेली. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायला लागला. चाळिशी उलटली तरी लग्नाचं नाव काढलं की त्याला कुठल्यातरी इमारतीतली लिफ्ट अडकल्याचं आठवायचं. मित्र म्हणाल तर हा एकच, काच कापणारा, त्याच्यासारखाच मुका. दोघांनी मिळून जुन्या गेमच्या सीडी जमवल्या होत्या. कुठल्या विकत घेतलेल्या, कुठल्या कुणी टाकून दिलेल्या. आईला त्यातलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच दिसायचं, की एक धडधाकट माणूस दर आठवड्याला दारात येतो आणि काहीतरी मागून नेतो. मागणाऱ्या माणसाची तिला पहिल्यापासून चीड.

मुलीनंच सांगितलं, की हे सगळे जुने गेम आता डाउनलोड मिळतात. सीडी नको, डबी नको. चरा पडायची भीती नाही, अडकायची कटकट नाही, सगळं गेमच्या मशीनच्या पोटात. भावाच्या वाढदिवसाला घेऊन देऊ या का?

आईनं विचारलं, "मग ते कुणाला उसनं देता येतं का?"

"नाही गं. ते ज्याचं त्याच्याच मशीनमध्ये राहतं."

"घे," आई म्हणाली.

मुलीला वाटलं, आई भावासाठी हौस करतेय. आईनंही तसंच वाटू दिलं.

गेम आले. मुलगा यादी वरखाली करत म्हणाला, "अरे वा, सगळेच आहेत की." खूश झाला होता, खोटं कशाला बोला. मग तो कामावर गेला आणि आईनं फळी रिकामी केली. दोन पिशव्या भरल्या, जुन्या वस्तूंच्या दुकानात नेऊन दिल्या आणि फळीवर घड्या घातलेल्या चादरी रचल्या. संध्याकाळी मुलगा फळीसमोर उभा राहिला. आवाज चढवला असता तर आईनंही चढवला असता. तो एवढंच म्हणाला, "आई, त्यातल्या बऱ्याचशा त्याच्या होत्या."

"कुठल्या?"

"आता काय माहीत. आम्हालाही आठवत नाही."

आईच्या दुकानात एवढ्या घरांचे कपडे यायचे, पण एका घरचा सदरा दुसऱ्या घरी गेला असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. नावं लिहिता येत नव्हती, म्हणून ती प्रत्येक घराचा वेगळ्या रंगाचा दोरा कॉलरच्या आत घालायची. हिरवा डॉक्टरचा, पिवळा मास्तरांचा. कुणाचं साधं फडकंसुद्धा तिनं आपल्याकडे राहू दिलं नव्हतं. आणि आता घरात बसून तिनं परक्याची चीजवस्तू फुंकून टाकली होती. नजरचुकीनं म्हणावं तर तसंही नाही. तो पुन्हा येऊ नये म्हणूनच टाकली होती, आणि हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी तिनं दार उघडलं. काचवाला आत आला. हातात नेहमीसारखी डबी. फळीवरच्या चादरी त्यानं पाहिल्या आणि मुलानं त्याला सगळं सांगितलं. आईनं ताईच्या मदतीनं गेम मशीनमध्येच घेऊन दिलेत, वगैरे. डब्या कुठे गेल्या हे सांगताना मात्र मुलाची जीभ अडखळली. काचवाला म्हणाला, "बरं झालं. जागा झाली."

दोघं खेळायला बसले. गाड्यांचा गेम होता, त्यांच्या नेहमीचा. आई स्वयंपाकघरात होती, पण कान बाहेर. ह्या गेमच्या सीडीवर एक चरा होता. गाडी नदीवरच्या पुलावर आली की चित्र थिजायचं. मग काचवाला सीडी काढायचा, कडेला धरून उजेडात बघायचा, शर्टाच्या टोकानं पुसायचा, आणि तेवढ्या वेळात दोघं बोलायचे. त्याच्या वडिलांचं गुडघ्याचं दुखणं, मुलाच्या साहेबाची नवी चालूगिरी, घरमालकानं भाडं वाढवलं ते. पुसून झालं, सीडी आत गेली, की तोंडं पुन्हा बंद. एवढी वर्षं त्यांची जी काही दोस्ती झाली ती त्या पुलावर झाली होती.

आज गाडी पुलावरून सरळ निघून गेली.

दोघंही क्षणभर थांबले. आईला आतूनसुद्धा ते जाणवलं. मग मुलगा म्हणाला, "बघ, अडकली नाही." काचवाला म्हणाला, "हो ना. मस्त चालतंय." पुढे कुणीच काही बोललं नाही.

निघताना त्यानं आणलेली डबी चादरींवर ठेवली. सवयीनं त्याचा हात फळीवरून एकदा फिरला आणि रिकामाच खाली आला. "येतो," म्हणाला आणि गेला. पुढच्या सुट्टीला आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही.

मुलगा जेवायला हाक मारली की येतो, भाजीत मीठ कमी पडलं तर मुकाट खातो, बाजारातून काय आणू म्हणून विचारतो. असा गुणी झाला की आईला घरात बसवेना. सुट्टीच्या दिवशी मशीन लावायचा, गेमची यादी वरून खालपर्यंत सरकवायचा आणि बंद करायचा. त्याला तू बोलाव की, असं तिनं एकदा म्हणून पाहिलं. "काय म्हणून बोलावू?" तो म्हणाला. विचारण्यात राग नव्हता. त्याला खरंच सुचत नव्हतं.

शेवटी आईनं पायात चपला सरकवल्या आणि जुन्या वस्तूंचं दुकान गाठलं. तिथल्या मुलीनं सांगितलं, की तो सगळा गठ्ठा कुणीतरी एकदम उचलून नेला. अशा डब्यांना आता फार मागणी आहे, आजी, मिळेनाशा झाल्यात. आई तशीच काचेच्या दुकानाकडे वळली.

तो काच कापत होता. पट्टी लावून हिऱ्याची लेखणी ओढली, खालून बोटानं टिचकी मारली, आणि काच रेघेवर आवाज न करता सुटली. मग त्याचं लक्ष गेलं. लगबगीनं त्यानं स्टूल पुसलं.

"काय झालं, काकू? काच फुटली का?"

"नाही."

"मग आरसा वगैरे बसवायचाय?"

"काही बसवायचं नाही मला." आई स्टुलावर बसली. "तुझ्या सीडी मी देऊन टाकल्या. दुकानात विचारून आले, एकही राहिली नाही. आणि चुकून दिल्या नाहीत मी. तू सारखा मागायला येतोस म्हणून दिल्या."

तो कापलेल्या काचेच्या कडा दगडावर घासत राहिला. मग म्हणाला, "त्याचं काही नाही, काकू. तशाही मला त्या लागत नव्हत्या. माझं मशीन कधीचंच बिघडलंय."

"कधीचं म्हणजे?"

"झाली की वर्षं. दुरुस्त होत नाही म्हणाले."

"मग न्यायचास कशाला? आणि माझा मुलगा विचारायचा, कसा वाटला गेम, तेव्हा छान होता म्हणून सांगायचास?"

त्यानं हात पुसले. बोटांवर जुन्या-नव्या कापल्याच्या बारीक रेघा होत्या. खाली बघत तो म्हणाला, "नेली नाही तर परत द्यायला यायचं कसं?"

रस्त्यावरून कुणीतरी चौकटीचा भाव विचारून गेलं, त्याला काचवाल्यानं उत्तर दिलं. तोवर आई उठली, पदर नीट केला आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"ऐक. मी तुला मागत्या समजले, ते पाप माझं. ते मी कबूल करायला आले तुझ्या दारात, हात हलवत आले. पण एवढी वर्षं माझ्या घरात बसून तूही डबीशिवाय यायचा हक्कच नाही असं धरून स्वतःला मागत्याच समजत राहिलास, ते मात्र माझ्या माथी मारू नकोस. ते तुझं तू निस्तर."