येत नाही

रणजित शितोळेने ‘बंद होणार’ म्हणून सांगितलेला एकही संच त्यानंतर बुधवार पेठेतल्या दुकानांत मिळाला नव्हता.

विक्रमने दीपगृहाचे आणखी एक खोके आईच्या पलंगाखाली सरकवले, ते मागच्या भिंतीवर आपटले नाही ना हे वाकून पाहिले आणि गुडघे झटकत तो उठला. खोक्याचा कोपरासुद्धा दबता कामा नये, असा नियम होता. रंगीत ठोकळे जोडून दीपगृह, किल्ला, आगबोट उभी करायचे हे परदेशी संच. कंपनी एखादा संच बनवणे थांबवते, तेव्हा न उघडलेल्या खोक्यासाठी हौशी संग्राहक मूळ किमतीच्या कित्येक पट मोजतात. कोणता संच केव्हा थांबणार, हे कंपनी आधी कधीच सांगत नाही. ते रणजित सांगत असे.

“देवघर तेवढं राह्यलंय,” दारात उभ्या असलेल्या विजयमाला म्हणाल्या. “तिथं बी ठेव. देवाला काय, अंग चोरून बसायची सवय हाय.”

“आई, एक तारखेपासून तू वरच्या मजल्यावर राहायचंस. ही खोली गोदामाला लागेल.”

“मी जिना चढत न्हाय. सांगून ठेवते.”

विक्रमने बायकोकडे पाहिले. तनुजा खिडकीत बसून सफरचंद कापत होती आणि तिचा मदतीला येण्याचा विचार दिसत नव्हता. खराडीतल्या नोकरीचा राजीनामा त्याने लिहून ठेवला होता. सोमवारी सकाळी तो पाठवायचा आणि पूर्णवेळ हाच धंदा करायचा, असे ठरले होते. ठरले होते म्हणजे त्याने ठरवले होते.

“एक विचारू?” तनुजा म्हणाली. “काय घडलं, तर तू म्हणशील की रणजित चुकला?”

“तो चुकत नाही.”

“ते तुझं मत झालं. मी विचारतेय, काय घडलं तर?”

“बंद झालेला संच दुकानात मिळाला, तर.”

“दीपगृह बंगळुरूला मिळतंय. काल मी स्वतः फोन करून विचारलं.”

“शिल्लक माल असेल.”

“आणि नागपूरला?”

“तोही शिल्लकच असणार. तनुजा, सगळ्यांनी पेठेत जाऊन खात्री केलीय. एकदा नाही, प्रत्येक वेळी.”

“म्हणजे मिळाला नाही, तर तो पुरावा. मिळाला, तर शिल्लक माल. मग देवऋषी काय वाईट?”

“देवरुषी निदान कोंबडं घेऊन जातो,” विजयमाला म्हणाल्या. “खोकी आणून ठेवत न्हाय.”

तनुजा रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. रणजितच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात विक्रमनेच तिला मोठ्या हौसेने घेतले होते. तिथला क्रम ठरलेला होता. रणजित भाकीत लिही; सदस्य संच घेऊन ठेवत; काही दिवसांनी पाच-सहा जण पेठेत फिरून चौकशी करत आणि दुकानदारांचे उत्तर समूहात नोंदवत. उत्तर नेहमी एकच असे: ‘येत नाही’. त्याखाली अंगठ्यांची रांग लागे. एकदा तनुजाने तिथे विचारले होते, की दुकानदाराला हे कोण कळवते? ‘वहिनी, शंका असणाऱ्यांनी बाहेर पडावे,’ असे रणजितने लिहिले. त्याखालीही अंगठे आले. ती बाहेर पडली नाही. तिने तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारला आणि नंतर दर आठवड्याला विचारत राहिली.

“उद्या शनिवार आहे,” तिने सुरी पुसून ठेवली. “तुम्ही खात्री कशी करता, ते मला पाहायचंय. चल.”

पेठेतले केतकरांचे खेळण्यांचे दुकान अरुंद आणि खोल होते. अनिरुद्ध केतकर गल्ल्यामागे उभे राहून एका पुडक्याला सुतळी बांधत होते.

“दीपगृहाचा संच आहे का?” तनुजाने विचारले.

“येत नाही.” त्यांनी मान वर केली नाही.

विक्रमने तिच्याकडे पाहिले. मिळाला पुरावा, असा त्याचा चेहरा होता.

“बरं. वाळवंटातलं हवामान केंद्र?”

“तेही येत नाही.”

“पूर्वी यायचं का?”

“यायचं की. पण फार खप नव्हता.”

तनुजाने आभार मानले आणि ती पायरी उतरली. फुटपाथवर विक्रम म्हणाला, “हवामान केंद्र कधी बंद झालं? समूहात तर काही आलं नाही.”

“यायचं नाही. असा संच कंपनीने कधी बनवलेलाच नाही. येताना सिग्नलला थांबलो होतो ना, तेव्हा मी नाव तयार केलं.”

विक्रम थांबला. मागून येणाऱ्याचा त्याला धक्का लागला, तरी तो हलला नाही.

“आमच्या प्रयोगशाळेत रुग्णांच्या नमुन्यांतले जंतू तबकड्यांत वाढवतात, तेव्हा एक कोरी तबकडीही ठेवतात,” ती म्हणाली. “तिच्यात काहीच घातलेलं नसतं. तरीही तिच्यावर जंतू वाढले, तर रुग्णांना औषध द्यायचं नसतं. आधी तबकड्या तपासायच्या असतात.”

“केतकर म्हातारे झालेत. त्यांना धड ऐकू तरी आलं का? आणि एका दुकानावरून तू काय सिद्ध करणार?”

“काहीच नाही. तुझं बरोबर आहे. म्हणून पुढच्या दुकानात तू विचार. नावही तूच ठरव, नाहीतर म्हणशील की मी दुकानदाराला आधी पढवलं.”

तो हसला नाही. पुढचे दुकान चार घरे पलीकडे होते. त्याच्या दारात तो एकदा मागे वळला. मग खिशातले हात बाहेर काढून आत गेला; मागोमाग तनुजाही. गल्ल्यावरच्या बाई फोनवर कुणाला तरी भाजीत गूळ किती घालायचा ते सांगत होत्या.

“चंद्रावरचं पोस्ट ऑफिस आहे का?” विक्रमने विचारले. त्याचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता.

बाईंनी फोनवर हात ठेवला. “छे. ते बंद झालं.”

“कधी?”

“झालं की वर्ष. कंपनीनंच बंद केलं. आगीचा बंब दाखवू?”

“नको.”

“मग आत गर्दी नका करू,” बाई म्हणाल्या. दुकानात ती दोघेच होती.

बाहेर येऊन तनुजाने स्कूटरची किल्ली काढली. तिला हवे होते ते झाले होते. पण विक्रम स्कूटरकडे वळला नाही. तो आल्या वाटेने परत गेला, केतकरांची पायरी चढला आणि दोन्ही तळवे गल्ल्यावर टेकवून उभा राहिला. ती त्याच्या मागे आली, तेव्हा त्याचे बोलणे सुरू झालेले होते.

“काका, गिऱ्हाईक म्हणून विचारत नाही. दीपगृह खरंच बंद झालंय का?”

“बंद कशाला होईल?” केतकरांनी आता मान वर केली. “गेल्या महिन्यात आपल्यासारखीच मंडळी आली, एका दुपारी होती-नव्हती ती सगळी खोकी उचलून घेऊन गेली. नवी यायची आहेत पुढच्या आठवड्यात.”

“मग मघाशी ‘येत नाही’ का म्हणालात?”

“‘संपलंय’ म्हटलं, की गिऱ्हाईक विचारतं, परत कधी येणार? मग नंबर देऊन जातं. मग रोज फोन करतं. ‘येत नाही’ म्हटलं, की निघून जातं. आपण गेला होतात ना?”

“परत आलो.”

“अपवाद. सहसा कोणी येत नाही.” त्यांनी सुतळीची गाठ ओढून पाहिली. “अजून काही?”

फुटपाथवर एका बंद शटरला पाठ लावून विक्रमने फोन काढला. तनुजाने विचारायचे नाही असे ठरवले होते, तरी ती म्हणाली, “आणि सोमवारचा राजीनामा?”

“आई जिना चढत नाही म्हणालीय ना,” तो म्हणाला आणि लिहू लागला.

मजकूर पुरा झाल्यावर त्याने फोन तिच्यापुढे धरला. तिने सावकाश वाचले. पहिले वाक्य ‘रणजित थापा मारतो’ असे होते.

“हे काढ,” ती म्हणाली. “ते आपल्याला माहीत नाही. कदाचित त्यालाही खरंच वाटत असेल.”

त्याने ते वाक्य खोडले. “समूहातून काढून टाकतील.”

“टाकू देत. मला अजून काढलेलं नाही. दोघांना काढायला किती वेळ लागतो, ते कळेल.”

विक्रमने संदेश पाठवला. त्यात आता एवढेच उरले होते:

‘भाकीत आलं, की आपणच पेठेतला सगळा माल उचलतो. माल नसला, की दुकानदार “संपला” म्हणत नाहीत, “येत नाही” म्हणतात, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा विचारायला येत नाही. त्या उत्तराला आपण संच बंद झाल्याचा पुरावा समजतो. कधीच न बनलेल्या दोन संचांबद्दल आज आम्ही विचारलं. तेही बंद झाल्याचं कळलं. दीपगृह बंद झालेलं नाही. ते आपल्या घरांत आहे.’