गोळीचे चार तुकडे आणि कपाळावरचा केस

मित्रांनो, मला जुना म्हणा, चालेल; मरतुकडा म्हणालात तरी मी रागावणार नाही. एका घड्याळजीच्या कपाळाच्या डाव्या कोपऱ्यावरचा मी केस आहे. तुम्हाला बाहेर दिसतो तो नुसता धागा. तो काही वर्षांनी गळतो आणि मी नवा काढतो. खरा मी कातडीखाली मुळाशी बसलेला असतो, आणि हल्ली तिथे बसून थरथरत असतो.

घड्याळजी आईच्या पोटात होता तेव्हाच मी घडलो. त्याच्या लहानपणी मी दाट, काळा आणि हट्टी होतो. त्याची आई पाणी लावून मला बसवायची आणि मी पुन्हा उभा राहायचो. "अगदी मामावर गेलाय," असे ती कौतुकाने म्हणायची. तेव्हा मामाच्या डोक्यावर केस होते, म्हणून त्या बोलण्याची कुणालाच भीती वाटली नाही.

मग मुलगा वयात आला. त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक वाढले. त्यातल्या थोड्या भागापासून आणखी एक जोरकस संप्रेरक तयार होते. त्याचे नाव इतके लांबलचक आहे की डॉक्टरसुद्धा नुसते डीएचटी म्हणून मोकळे होतात. हे डीएचटी दाढीच्या केसांना वाढवते आणि मला मात्र खुरटवते. एकाच घरात एकाला दूध आणि दुसऱ्याला मार, असा हा न्याय! तुम्हाला वाटेल, आमच्या घड्याळजीत ते फार असेल. तसे नाही हो. दाट केसांच्या माणसातही ते तेवढेच असू शकते. दोष माझ्या हळवेपणाचा. त्याचा थोडासा स्पर्शही मला सोसत नाही, आणि हा हळवेपणा जनुकांतून आलेला आहे. त्यातले एक महत्त्वाचे जनुक मुलाला आईकडून मिळते, म्हणून सगळे मामाकडे बोट दाखवतात. पण बाकीची कितीतरी जनुके वडिलांकडूनही येतात. मानेवरचे माझे भाऊबंद माझ्यासारखे हळवे नाहीत. ते मजेत आहेत, आणि मला त्यांचा हेवा वाटतो.

माझा प्रत्येक नवा धागा आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येऊ लागला. शेजारपाजारचे केस एकेक करून नुसती लव होऊन गेले. पुढची पाळी माझी, हे मला कळत होते. सकाळी कंगवा जवळ आला की मी जीव मुठीत धरून बसायचो.

घड्याळजी मामाच्याच दुकानात बसायचा. कामच असे की मान खाली, डोक्यावर दिवा आणि समोर गिऱ्हाईक. एकदा एक गिऱ्हाईक म्हणाले, "घड्याळ पुढे पळतंय म्हणून आणलं, पण तुमचे केस तर मागे पळतायत हो!" एव्हाना पुरता टकला झालेला मामा पोट धरून हसला. "ये भाच्या, आमच्या टोळीत तुझं स्वागत आहे!" घड्याळजीही हसला. पण त्याच्या कपाळाची कातडी आक्रसली, ते फक्त मला समजले.

डॉक्टरकडे जायची त्याला लाज वाटली. एका मित्राने त्याला डीएचटी बनू न देणारी गोळी आणून दिली. ती होती दुसऱ्याच आजाराची, जास्त ताकदीची. "पाव गोळी पुरते. तुकडे करणं म्हणजे तुझ्या डाव्या हातचा मळ!" मित्र म्हणाला. दुकानात मामा बघेल, म्हणून हे काम घरी, रात्री बायको झोपल्यावर चालायचे. स्वयंपाकघरात, भाजी कापायच्या फळीवर, डोळ्याला भिंग लावून तो धारदार पात्याने गोळी कापायचा. चारही तुकडे अगदी सारखे. स्वतःच्या हातावर तो भलताच खूश व्हायचा. उरलेली पांढरी भुकटी फुंकून टाकली की त्याच्या मते काम संपले.

काही महिन्यांत माझा धागा जाड झाला. मला नवे आयुष्य मिळाल्यासारखे वाटले. त्याच सुमारास त्याच्या बायकोला दिवस गेले.

एका सकाळी ती फळीवरची भुकटी बोटाने टिपत म्हणाली, "अहो, हे काय सांडलंय?" तो गडबडला आणि त्याने सगळे सांगून टाकले.  पुढे दोघे तपासणीला गेले, तेव्हा तिने डॉक्टरबाईंना विचारले, "हे केसांसाठी गोळी कापून घेतात. त्याचं काही नाही ना?"

बाईंचा हात थांबला. "कुठे कापतात?"

"भाजीच्या फळीवर."

"अहो, अख्ख्या गोळीवर आवरण असतं. पण तुटलेल्या गोळीची भुकटी गरोदर बाईच्या हाताला लागता कामा नये, पोटात जाणं तर दूरच. बाळ मुलगा असेल, तर त्याचं शरीर नीट घडायला तेच संप्रेरक लागतं, जे ही गोळी अडवते."

"म्हणजे आमच्या बाळाला..." घड्याळजीने विचारले.

"एवढ्याशा भुकटीने काही व्हायची शक्यता कमी आहे. पण मी शब्द देऊ शकत नाही. वाट बघावी लागेल."

मित्रांनो, त्या क्षणी मी हादरलो. ज्या डीएचटीला मी जन्मभर वैरी म्हटले, त्याच्यावाचून एका बाळाचे शरीर अडणार होते. मी जाड झालो होतो, आणि मला त्या जाडीची किळस आली.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

"सगळेच हसतात गं."

"मी सगळ्यांत येते?"

 त्याने फळी टाकून दिली. नीट सल्ला घेऊन, तुकडे न करता औषध चालू ठेवता येईल, असे डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. पण त्याला गोळीकडे बघवेना. औषध बंद होताच मी पुन्हा खुरटू लागलो. तिने पोटावर हात ठेवला की त्याच्या कपाळाला घाम सुटायचा आणि मी त्यात भिजायचो. किती दिवस असे गेले, सांगता येत नाही.

मुलगा झाला. डॉक्टरबाईंनी त्याला उलटसुलट करून तपासले आणि म्हणाल्या, "सगळं जागच्या जागी आहे."

"पुन्हा एकदा बघा," बायको म्हणाली. त्यांनी पुन्हा पाहिले आणि मान हलवली. मगच ती रडली. दाराशी मामा उभा होता. घड्याळजीने त्याला झाला प्रकार सांगितला, तेव्हा तो खाली बसला. "माझ्या हसण्यापायी एवढं झालं होय रे?" असे तो पुटपुटला.

मित्रांनो, माझी आता लव होणार. भीती वाटते, खोटे कशाला बोलू? पण केस गेल्याने माणसाचे काही अडत नाही. तुमच्या घरी कुणाचे कपाळ मोठे होऊ लागले, तर त्याला हसू नका. आणि कुणी लपून औषध घेताना दिसला, तर त्याचा हात धरून त्याला डॉक्टरकडे न्या. आमचे बाळ बचावले, ते केवळ नशिबाने.