मखमलीला डाग नको म्हणून

मी वस्तरा बोलतो आहे, आणि तक्रार करण्यासाठीच बोलतो आहे. शिंगाच्या मुठीचा, नऊ वस्तऱ्यांच्या संग्रहातला सर्वांत जुना. 'संग्रह' हा शब्द हर्षवर्धनचा. त्याचे वडील आत्माराम आम्हाला नुसते 'हत्यारं' म्हणत.

आत्माराम वसईतल्या गिरीज आणि होळी या गावांच्या वाड्यांतून फिरून हजामती करीत. काम संपले की प्रत्येक पाते कोरडे पुसत, त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब बोटाने फिरवत, वेगळ्या सुती फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवत. वापर असो वा नसो, दर महिन्याला फडकी बदलत. वसईची हवा खारी. तिथे पोलादाने उघडे राहू नये. चाळीस वर्षांत माझ्यावर एक ठिपका पडला नाही.

त्यांचे गुडघे थकले आणि आम्ही फुलपाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. हर्षवर्धनने आम्हाला काचेच्या पेटीत लाल मखमलीवर मांडले, कुलूप लावले आणि पेटी न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर टांगली. पाहुण्यांना तो 'अँटिक' म्हणून दाखवी. आत्माराम तेल लावण्यासाठी किल्ली मागत. उत्तर ठरलेले असे: "बाबा, मखमलीला डाग पडतात."

मखमल ओल शोषते आणि ती पात्याला लावून ठेवते, हे या सुशिक्षित घरात कोणाला ठाऊक नसावे?

पेटी वर्षातून एकदाच उघडे, खंडेनवमीला. आमच्यावर पाणी शिंपडले जाई, पात्यांना हळदकुंकू लागे, वर ओला झेंडू. हात जोडून झाले की पुन्हा कुलूप. पुसायचे कोणी? "देवाचं कुंकू पुसू नये," सूनबाई विनया म्हणे. अशा तीन पूजा मी सोसल्या. इतक्या भक्तीने कोणी कोणाचा घात केल्याचे मला ठाऊक नाही.

मग नातीचे, संपदाचे, जावळ ठरले. आत्मारामांची एकच इच्छा होती: ते स्वतः काढायचे, आणि माझ्याच पात्याने. त्यांचे स्वतःचे, पुढे हर्षवर्धनचे जावळही मीच काढले होते.

संपदा मामाच्या मांडीवर बसली. आत्मारामांनी मला उघडले तेव्हा मूठ करकरली. त्यांनी अंगठ्याने कुंकू पुसले. कुंकू निघाले, खालचा तपकिरी खड्डा तसाच राहिला, अगदी धारेवर. चामड्याच्या पट्ट्यावर ओढले, तर पाते अडखळले. त्यांनी मला स्वतःच्या मनगटावर फिरवले. रक्ताची बारीक रेघ उमटली.

"हा पोरीच्या डोक्याला लागणार नाय."

"बाबा, थोडासाच गंज आहे. मुहूर्त चाललाय."

"तुझं जावळ ह्यानंच काढलं," आत्माराम म्हणाले. "तेव्हा ह्याची कोणी पूजा करत नव्हतं."

खालच्या दुकानातून नवे ब्लेड आले. जावळ त्याने निघाले, आत्मारामांच्याच हाताने. मी ताटात नारळाशेजारी पडून पाहिले. त्यांचा निर्णय अचूक होता. मीही तोच दिला असता. म्हणूनच माझा संताप त्यांच्यावर नाही.

संध्याकाळी त्यांनी किल्ली मागितली नाही; फक्त हात पुढे केला. हर्षवर्धनने ती दिली. पेटीतच त्यांनी उरलेल्या आठांना एकेक करून तेल लावले. ते आठ बहुधा वाचतील. माझी धार मात्र घासून घासूनही परतणार नाही.

पुढच्या नवमीला फूल वाहायचेच असेल, तर जुन्या पत्र्याच्या डब्यावर वाहा. पात्याला तेल पुरे.

मखमलीवर आता मोठा डाग आहे. त्याबद्दल अजून कोणी काही बोललेले नाही.