कॅझ मालेत्सचा बहिष्कार

शुक्रवारचा मासा खायला अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये अर्धं लॅकवॉना गाव जमलं होतं. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कॅझ मालेत्सनं जाहीर केलं, "तो टिसडेल आपल्या संघातून खेळणार असेल, तर मी यंदा स्टेडियमचं तोंड बघणार नाही!"

"नको बघूस," त्याची थोरली बहीण वांडा म्हणाली. "लिंबू इकडे सरकव."

ईस्टरआधीचे, शुक्रवारी मटण सोडून मासा खायचे उपवासाचे दिवस होते, आणि करार संपलेल्या खेळाडूंचा बाजारही नेमका तेव्हाच भरतो. त्यामुळे मार्चमधल्या शुक्रवारी या हॉलमध्ये माशापेक्षा अमेरिकी फुटबॉलच जास्त तळला जायचा. त्या आठवड्यात संघानं बचाव फळीसाठी लमॉन्ट टिसडेलला घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी हाच टिसडेल विरुद्ध बाजूनं खेळायला आला होता आणि त्यानं आपल्या क्वार्टरबॅकला असं आडवं केलं होतं की बिचाऱ्याच्या खांद्याचं हाड मोडलं. चेंडू फेकणाराच गेला, मग हंगामही गेला. तेव्हापासून बोटावर हातोडी बसली की कॅझच्या तोंडून शिवीऐवजी टिसडेलचं नाव निघे.

"नियमात बसणारी धडक होती ती," वांडा म्हणाली. "आणि जानेवारीतल्या सामन्यात शेवटच्या दोन मिनिटांत आपल्या बचावाचं काय झालं, आठवतंय ना? चाळण बरी! निदान कोंडा तरी अडवते."

समोर बसलेल्या अर्नीनं पावाचा तुकडा हलवला. पोलाद कारखान्यात तो कॅझच्या शेजारीच उभा राहायचा. "पण फेकलेल्या चेंडूमागे धावणारे मागचे दोघे अजून कच्चे आहेत. पुढे डोंगर उभा करून काय उपयोग, मागून गल्ली मोकळीच!"

"अरे, पुढून दाब आला की समोरच्याला चेंडू फेकायला वेळच मिळत नाही," वांडा म्हणाली. " मग मागच्यांना धावायला कशाला लागतंय?"

"तुम्ही घाला त्याला हार!" कॅझ उठला. बापाच्या काळापासून तो आणि वांडा हंगामभराची तिकिटं काढून स्टेडियममध्ये शेजारी शेजारी बसत आले होते. "माझ्या खुर्चीवर तुझी पर्स ठेव!" ताटातला अर्धा मासा तसाच टाकून तो निघून गेला. मग घरी जाऊन त्यानं ब्रेडला लोणी लावून खाल्लं. पोट काही भरलं नाही.

पुढच्या गुरुवारी गावालगतच्या सरोवरावरून असा बर्फ आला की समोरचं घर दिसेना. कॅझ आपल्या ट्रकला बर्फ ढकलायचा फाळ लावून म्हाताऱ्या शेजाऱ्यांचे रस्ते मोकळे करून परतत होता. सरोवराकाठच्या वळणावर एक काळी गाडी नाक खुपसून चरात पडलेली दिसली. पातळ जाकीट घातलेला एक अवाढव्य माणूस तिला मागून ढकलत होता. त्यानं वळून पाहिलं. टीव्हीवर हजारदा पाहून शिव्या घातलेला तोच चेहरा.

पुढे निघून जावं, असं कॅझच्या मनात आलं. पण इथे बर्फात अडकलेल्याला कुणी सोडून जात नाही, मग तो व्याही असो की वैरी. पुटपुटत त्यानं साखळी काढली.

"कुठला रे तू?"

"जॉर्जियाचा, सर."

"तिकडे बर्फ असतो?"

"ग्लासात असतो, सर."

कॅझला हसू येत होतं, त्यानं ते दाबलं. साखळी अडकवून तो सरळ उभा राहिला. "मी कोण ते माहितेय का तुला? तू आमच्या पोराचं हाड मोडलंस ना, तेव्हा मी बाराव्या रांगेत होतो. इथे गालावर थप्पड बसावी तसा आवाज आला होता."

टिसडेलनं बाहीवरचा बर्फ झटकला. मग म्हणाला, "मलाही आला होता ऐकू. त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला, आणि मग करतच राहिलो. आता त्यानंच मालकांना सांगितलं, ह्याला घ्या. म्हणाला, हा माझ्या समोर असण्यापेक्षा माझ्या बाजूला असलेला बरा."

कॅझ साखळीकडे बघत राहिला. ज्याचं मोडलं त्याचं केव्हाच सांधलं होतं, आणि आपण मात्र अजून हात गळ्यात बांधून बसलोय! त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि थोडं हलकंही वाटलं.

ट्रकनं एक हिसका दिला, गाडी वर आली. टिसडेल आभार मानून दार उघडणार तोच कॅझला राहवेना. "पण काय रे, मागचे दोघे कच्चे आहेत. तू एकटा काय दिवे लावणार?"

टिसडेलनं बुटाच्या टोकानं बर्फात रेघा ओढल्या. "मी इथे. मला अडवायला त्यांचे दोन गडी लागतात. मग हा आपला शेजारचा मोकळा सुटतो."

"आणि त्यांनी त्यालाही अडवलं तर?" कॅझनं आपल्या बुटानं आणखी एक रेघ मारली.

"मग माझ्यावर एकच गडी उरला. मी सुटलो ना, सर!"

बर्फ दोघांच्या टोप्यांवर साचत होता. शेवटी कॅझच म्हणाला, "ते सगळं राहू दे, आधी टायर बदल. असल्या टायरांवर इथे एप्रिलसुद्धा निभणार नाही."

शुक्रवारी हॉलमध्ये त्यानं सगळी हकीकत सांगितली. अर्नी हसता हसता ठसकला. "उद्या सांगशील, पोपला रस्त्यात लिफ्ट दिली!" बाकीच्यांनीही त्याची यथेच्छ टर उडवली.

एकटी वांडा हसली नाही. "खरं असणार. एवढं रचायची अक्कल त्याला कुठेय?"

कॅझनं घसा साफ केला. "माझी जागा... देऊन टाकलीस?"

"कुणाला देणार? स्टेडियमला सोमवारीच कळवलं, दोन्ही जागा ठेवा म्हणून. तुझ्याइतका ओरडणारा दुसरा मला कुठे मिळणार?"

त्यानं मान खाली घालून माशावर लिंबू पिळलं. तेवढ्यात अर्नीचा फोन वाजला. त्यानं वाचलं आणि टेबलावर हात आपटला. "घेतला! मागच्या फळीसाठी अनुभवी माणूस घेतला! चौतीस वर्षांचा!"

"चौतीस?" कॅझ ताडकन उभा राहिला. "त्याला मैदानात आणायला इथली अग्निशमनाची गाडी लागेल!"

"डोकं चालतं त्याचं," वांडा म्हणाली. "बस खाली, सांगते." आणि शेजारच्या टेबलावरचेही आपापल्या खुर्च्या ओढत जवळ आले.